युगांडाची राजधानी कंपालाला येणाऱ्या बडोदेकरांसाठी: ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा

यलो फीवरची लस तिकीट काढायच्या आधी घ्या. टोचल्यापासून १० दिवसांनीच लसीचं कार्ड ग्राह्य धरतात. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, तेही पासपोर्ट दाखवून. कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट नंबर तिथेच उभं राहून ताडून बघा. अंड्याची ॲलर्जी, गर्भारपण किंवा साठीपुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. २०१६पासून ही लस जन्मभर ग्राह्य आहे, तेव्हा जुन्या कार्डावर १० वर्षांची मुदत छापलेली असली तरी पुन्हा टोचून घेऊ नका. कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा. युगांडाहून कार्डाशिवाय भारतात उतरलं तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाईन करतात, आणि दिवाळीची सुट्टी त्यातच जाते.

आता मलेरिया. "आपल्याकडेही होतो की, त्यात काय एवढं?" हे बडोदेकरांचं ठरलेलं वाक्य, आणि इथे तेच सगळ्यात महागात पडतं. आपल्याकडे माहितीचा आहे तो बहुतेक वेळा व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया: हुडहुडी भरते, माणूस अशक्त होतो, पण सहसा उठतो. इथला जवळजवळ सगळा फाल्सिपॅरम, म्हणजे जास्त घातक जातीचा. सकाळी अंग मोडून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी बेशुद्ध होऊ शकतो. लहानपणी बडोद्यात मलेरिया होऊन गेला असेल, तरी त्याचा इथे काही उपयोग नाही. घरून आणलेलं क्लोरोक्विन हे मलेरियाचं जुनं औषधही इथल्या फाल्सिपॅरमवर चालत नाही.

म्हणून नियम एकच. येऊन आठवडा झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी लॅब गाठा. क्रोसिन घेऊन "उद्या बघू" नको. रविवार असला तरी नको, नवीन नोकरीत रजा मागायला संकोच वाटला तरी नको. ताप, डोकेदुखी, कंबरदुखी, कधी नुसते जुलाब, काहीही असू शकतं. थंडी वाजलीच पाहिजे असं नाही. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा करा, अशी एकूण तीनदा. इथल्या साध्या लॅबवर विश्वास ठेवा. मलेरियाची स्लाईड वाचण्यात इथल्या टेक्निशियनचा हात रोजच्या सरावाने बसलेला असतो.

गोळ्या डॉक्टर लिहून देतील त्याच घ्या, पण त्या कशा घ्यायच्या ते नीट ऐका, कारण घोळ तिथेच होतो. कोआर्टेम या मलेरियाच्या गोळ्यांचा मोठ्या माणसाचा कोर्स म्हणजे दर वेळी ४ गोळ्या, असे ६ डोस: पहिला, ८ तासांनी दुसरा, मग पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. पोटात तूप-तेल गेल्याशिवाय हे औषध नीट शोषलं जात नाही. तापात आपण पेज आणि मूगडाळीच्या पाण्यावर राहतो, तिथेच गोळी वाया जाते. निदान पेलाभर साईचं दूध घ्या. तासाभरात उलटी झाली तर तो डोस पुन्हा घ्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

तीन-चार पिढ्या इथे असलेली आपली गुजराती मंडळी जिवाला जीव देतील, घर शोधून देतील, पण प्रतिबंधक गोळ्यांच्या बाबतीत त्यांचं ऐकू नका. वर्षानुवर्षं राहणारे सहसा त्या घेत नाहीत, पण नवीन माणसाने पहिले काही महिने घ्याव्यात असं माझं ठाम मत आहे. डॉक्सीसायक्लीन स्वस्त: निघायच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज एक, भरपूर पाण्याबरोबर, दुधासोबत नाही, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते. गर्भवतींना आणि ८ वर्षांखालच्या मुलांना ती चालत नाही. मलेरियाचा भाग सोडल्यावरही २८ दिवस चालू ठेवावी लागते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही दुसरी प्रतिबंधक गोळी महाग, पण नंतर ७ दिवसच. गोळी चालू असली तरी मच्छरदाणी हवीच. हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो.

बडोद्याला सुट्टीवर गेल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "मी युगांडाहून आलोय" असंच सांगा. तिथे पावसाळ्यात सगळ्यांच्या डोक्यात डेंग्यू असतो, आणि प्लेटलेट्स मलेरियातही घसरतात. घरची मंडळी पपईच्या पानांचा रस काढत बसतात आणि दोन दिवस जातात. परतल्यावर निदान तीन महिने हे लक्षात ठेवा.

व्हिक्टोरिया सरोवरात पाय बुडवू नका. गोगलगाईतून निघालेल्या बिल्हार्झियाच्या (पाण्यातून होणारा जंतांचा आजार) अळ्या त्वचेतून आत शिरतात. जिंजा शहरात नाईलच्या उगमाशी गांधीजींचं स्मारक आहे, तिथे पाण्याला हात लावायचा मोह होतो. काठावरूनच नमस्कार करा. पाण्यात गेलाच असाल तर सहा-आठ आठवड्यांनी तपासणी करून घ्या. प्राझिक्वांटेलने हा आजार बरा होतो.

बोडा-बोडावर, म्हणजे इथल्या भाड्याच्या मोटरसायकलवर, हेल्मेटशिवाय बसू नका.

बाहेर वाळत घातलेले कपडे इस्त्रीशिवाय अंगात घालायचे नाहीत. मँगो फ्लाय नावाची माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते आणि अळी कातडीत शिरते. मध्ये छिद्र असलेला दुखरा फोड येतो. इस्त्री दोन्ही बाजूंनी, शिवणी आणि इलॅस्टिकवर जास्त वेळ. बाळाच्या लंगोटांना आणि पलंगपोसांनाही. फोड आलाच तर पिळू नका. छिद्रावर व्हॅसलीनचा जाड थर द्या, हवा न मिळाल्याने अळी वर येते, मग चिमट्याने अख्खी काढा.