वर्गीकरणशास्त्र शिकायचंय? आधी एक गट पक्का धरा

जीवशास्त्राची पदवी हातात पडली की अनेकांना वाटतं, आपण नव्या प्रजाती शोधाव्यात. मग ते विचारतात, सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ठरलेलं आहे. एक गट निवडा आणि त्याचे नमुने डोळ्यांखालून घाला. उत्क्रांतीचं वाचन सोबत चालू द्या, पण ते नमुन्यांच्या जागी नको. ज्याने एखादा गट बारकाईने पाहिला आहे, त्यालाच 'प्रजाती म्हणजे काय' हा प्रश्न खऱ्या अर्थाने पडतो.

माझा गट मुंग्यांचा. मुंगी कागदाच्या छोट्या त्रिकोणाच्या टोकावर चिकटवतात. डिंकाचा थेंब पायांच्या बुडाशी, तोही अगदी इवलासा, कारण जास्त झाला तर कंबर झाकली जाते आणि ओळख पटवायला नेमकी कंबरच लागते. सूक्ष्मदर्शकाखाली मुंगी कुशीवर घ्यायची, उजेड बाजूने पाडायचा. छाती आणि पोटाच्या फुगीर भागामध्ये किती गाठी आहेत? दोन असतील तर ती बहुधा मिर्मिसिनी उपकुलातली. एकच असेल तर पोटाच्या टोकाकडे जा. तिथे नांगी नसून गोल छिद्र असेल आणि भोवती बहुतेकदा केसांची झालर दिसत असेल, तर फॉर्मिसिनी. या मुंग्या फॉर्मिक आम्ल त्याच छिद्रातून फवारतात. ओळखीची 'की', म्हणजे ओळख पटवण्यासाठी रचलेली प्रश्नमालिका, अशीच एकेका प्रश्नाने पुढे नेते. 'की'मधला प्रश्न कळला नाही तर अंदाजाने पुढे जाऊ नका, दोन्ही वाटा चालून पाहा. चुकीच्या वाटेवर पुढची लक्षणं जुळेनाशी होतात आणि ते लवकर लक्षात येतं.

आता प्रजातीच्या व्याख्येकडे. उत्क्रांतीचे अभ्यासक अर्न्स्ट मायर यांनी 1942 साली मांडलेली व्याख्या बहुतेकांना पाठ असते: आपापसात प्रजनन करणाऱ्या आणि इतर गटांपासून प्रजननाच्या दृष्टीने वेगळ्या राहिलेल्या समुदायांचा समूह. ती मोलाची आहे, पण जीवाश्मांना आणि अलैंगिक प्रजनन करणाऱ्या जीवांना लावता येत नाही. शिवाय रोजच्या कामात कुणाचं प्रजनन कुणाशी होतं हे क्वचितच बघायला मिळतं. आपण रूप, आवाज, डीएनए, अधिवास अशा खुणांवरून अनुमान काढतो. युरोपातल्या पिपिस्ट्रेल वटवाघळांचंच बघा. 1990च्या दशकापर्यंत ती एकच प्रजाती मानली जात होती. मग ध्यानात आलं की काहींची हाक 45 किलोहर्ट्झच्या आसपास असते, तर काहींची 55च्या. डीएनएनेही तेच सांगितलं: प्रजाती दोन आहेत. म्हणून माझ्या लेखी प्रजातीचं प्रत्येक नाव हे एक गृहीतक आहे, आणि नवा पुरावा आला की ते तपासायचं असतं.

नव्या प्रजाती कशा तयार होतात, हे शिकताना मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पनामाच्या संयोगभूमीच्या उदाहरणाचा. सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी तिथे जमीन सलग झाली आणि एका समुद्राचे दोन भाग पडले. दोन्हीकडे अडकलेल्या अल्फियस कोळंब्यांची वाटचाल वेगळी झाली. संशोधकांनी दोन्ही किनाऱ्यांवरच्या जोडीदार प्रजातींतले नर-मादी एकत्र ठेवले, तेव्हा मीलनाऐवजी बऱ्याचदा भांडणंच झाली. त्यातला बारकावा मला फार आवडतो. सगळ्या जोड्यांमधलं अंतर सारखं नव्हतं. खोल पाण्यातल्या कोळंब्या आधीच वेगळ्या झाल्या होत्या, उथळ पाण्यातल्या नंतर. जमीन हळूहळू वर येत होती, हे त्या प्राण्यांच्या जनुकांत नोंदलं गेलं.

पण प्रत्येक वेळी लाखो वर्षं लागतातच असं नाही. गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या संशोधक दांपत्याने 1981 साली दुसऱ्या बेटावरून आलेला फिंच पक्ष्याचा एक मोठा नर पाहिला. त्याने स्थानिक फिंच मादीशी जोडी जमवली आणि काही पिढ्यांतच त्याचे वंशज फक्त आपापसात जोड्या जमवू लागले. वनस्पती तर याहून वेगाने जातात. उत्तर अमेरिकेत युरोपातून आलेल्या ट्रॅगोपोगॉन या फुलझाडाच्या प्रजातींचे संकर झाले, गुणसूत्रांची संख्या 12ची 24 झाली आणि दोन नव्या प्रजाती उभ्या राहिल्या. त्यांचं वर्णन 1950 साली प्रसिद्ध झालं.

वर्गीकरणाची उतरंड पाठ करण्यात फार वेळ घालवू नका. वर्गीकरणतज्ज्ञ विली हेनिग यांचा मुद्दा मात्र मनात पक्का बसवा: गट ठरवताना नुसतं साम्य पुरत नाही, समान पूर्वजाकडून आलेली नवी लक्षणं शोधावी लागतात. मगर पालीसारखी दिसते, पण नात्याने ती पक्ष्यांच्या जास्त जवळ आहे. एवढं एक उदाहरण नीट समजलं तरी वंशवृक्ष वाचता येऊ लागतो.

नामकरणाचे नियम रूक्ष वाटतात, तरी ते लवकर शिका. प्राण्यांची नावं लिनियसच्या 'सिस्टेमा नॅचुरे' या ग्रंथाच्या 1758च्या आवृत्तीपासून ग्राह्य धरली जातात, वनस्पतींची साधारणपणे 1753पासून. आज नवी प्राणिप्रजाती जाहीर करताना तिचा आधारनमुना ठरवावा लागतो आणि नाव कायमचं त्याच्याशी बांधलं जातं. वाद झाला की शंभर वर्षांपूर्वीचा तोच नमुना संग्रहालयाच्या कपाटातून काढून पुन्हा तपासतात. म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, अधिवास आणि संकलकाचं नाव हवंच. चिठ्ठी नसलेला सुंदर नमुना अभ्यासाच्या फारसा कामाचा नाही.

डीएनए बारकोडिंग जरूर शिका. प्राण्यांमध्ये सीओआय जनुकाचा साधारण 650 बेसचा तुकडा वाचून पुष्कळ प्रजाती ओळखता येतात. पण एकाच जनुकावर विसंबून नवी प्रजाती जाहीर करू नये, असं माझं ठाम मत आहे. संकर झालेल्या किंवा नुकत्याच वेगळ्या झालेल्या समुदायांत तो तुकडा सहज दिशाभूल करतो.

नोकरीबद्दल स्पष्टच सांगते. निव्वळ वर्गीकरणतज्ज्ञाची पदं थोडी असतात. संग्रहालयाचं व्यवस्थापन, पर्यावरण सर्वेक्षण, कीडनियंत्रण, सागरी जीवांचा अभ्यास, जनुकीय माहितीचं विश्लेषण अशा कामांत मात्र ओळख पटवणारा माणूस हवाच असतो. म्हणून गटाच्या जोडीला संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग हाताशी ठेवा. गट निवडताना त्यावर अलीकडे आढावा घेतला गेलाय का, आणि ज्या संग्रहात त्याचे आधारनमुने आहेत तिथे तुम्हाला ते बघायला मिळतील का, एवढं आधी विचारून घ्या.