"मॅडम, माझा स्पीड ३८ आहे": टायपिंगमधल्या या चुका टाळा

संध्याकाळच्या बॅचला नवीन कुणी आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "मॅडम, स्पीड आहे माझा, फक्त सर्टिफिकेट काढायचंय." क्लार्क-टायपिस्टच्या जागेला मिनिटाला मराठी ३० शब्द नाहीतर इंग्रजी ४० लागतात हे सगळ्यांना पाठ असतं, पण तो आकडा येतो कुठून असं विचारलं की सगळे पंख्याकडे बघतात. इतकी वर्षं शिकवतेय, आता एकदा लिहूनच टाकते.

गूगलवाल्या मराठीला मराठी टायपिंग समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. मागे एक मुलगा आला, भरतीची तयारी करणारा, हुशार होता, उगाच नावं ठेवणार नाही. म्हणाला घरी तीन महिने प्रॅक्टिस केलीये, मराठी ३८ आहे, परीक्षा पुढच्या महिन्यात. म्हटलं बस, महाराष्ट्र लिही. त्याने झपाझप एम-ए-एच-ए-आर मारलं आणि स्क्रीनवर उमटलं "सोपो", पुढे ठिपक्यांच्या गोलांना लटकलेल्या वेलांट्या. कारण आमच्या मशीनवर इनस्क्रिप्ट लावलेलं होतं, म्हणजे प्रत्येक कीवर ठरलेलं देवनागरी अक्षर असलेला लेआउट, त्यात एमवर स, एवर ओकार, एचवर प. तो म्हणे किबोर्ड बिघडलाय.

किबोर्डला काही झालं नव्हतं. पोरगं तीन महिने इंग्रजी स्पेलिंग टाइप करत होतं आणि मराठी गूगल करून देत होता, त्यातही अर्धा शब्द झाला की खाली सजेशन येणार, स्पेस मारली की काम झालं. म्हणजे ते ३८ दोघांचे मिळून होते. शून्यापासून सुरू केलं, दहा दिवसांनी ११ आला, तेव्हाचं त्याचं तोंड मला अजून आठवतं. त्या महिन्यात तो नापास झाला, पुढच्या खेपेला पास झाला, पण बोटांत बसलेलं मोडायला त्याला नवीन शिकण्यापेक्षा जास्त त्रास झाला.

तर आधी परीक्षेत कुठला लेआउट आहे ते सूचना वाचून बघा. इनस्क्रिप्ट असेल तर क आधी आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर, जसं बोलतो तसं. रेमिंग्टनमध्ये, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या लेआउटमध्ये, वेलांटी आधी, जशी दिसते तशी. दोन्ही थोडं थोडं शिकतो म्हणणाऱ्याची बोटं प्रत्येक "कि"ला अडखळतात. आणि विंडोजमध्ये मराठी टाकताना "मराठी फोनेटिक" निवडू नका, ते इनस्क्रिप्ट नाही.

एक मिनिटाची टेस्ट सतरा वेळा देऊन त्यातला मोठा आकडा धरणं

स्क्रीनशॉट दाखवतात मला! अरे पण एक मिनिट तर कुणीही दम रोखून पळेल. त्यात ऑनलाइन टेस्टमध्ये बऱ्याचदा नेहमीचे सोपे शब्द येतात, मंकीटाइप ही टेस्टची साइट उघडली की आपोआप ३० सेकंद आणि इंग्रजीतले नेहमीचे २०० शब्द, ना कॅपिटल ना स्वल्पविराम. खेळायला मस्त आहे, मीही खेळते, पण तो आकडा घेऊन परीक्षेला जाऊ नका.

हिशोब सोपा आहे. टायपिंगमधला शब्द म्हणजे पाच स्ट्रोक, म्हणजे पाच वेळा की दाबणं, स्पेस धरून. पाच मिनिटांत १००० स्ट्रोक मारले तर २०० शब्द, म्हणजे मिनिटाला ४०. त्यात १५ चुका असतील तर नेहमीच्या हिशोबाने त्या २०० मधून वजा, राहिले १८५, म्हणजे ३७. मराठीत तर अजून गंमत, "मी" लिहायला दोन स्ट्रोक आणि "स्वातंत्र्य" इनस्क्रिप्टमध्ये सुटं सुटं मारलं तर अकरा. जी साइट नुसत्या स्पेस बघून शब्द मोजते तिच्या लेखी दोन्ही एकेकच, त्यामुळे मी-तू-ते-का वाला उतारा आला की तुम्ही राजे.

आणि ते ९६ टक्के ॲक्युरसी बघून खूश होणं. मार्कशीटवर ९६ छान दिसतात हो, पण इथे त्याचा अर्थ दर पंचवीस स्ट्रोकला एक चूक, म्हणजे दर पाच शब्दांत एक. असं पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवून बघा. माझ्याकडे ९८ च्या खाली असेल त्याला मी वेग वाढवूच देत नाही, रडला तरी.

मी स्वतः मोजते कशी? आठवड्यातून एकदा, गुरुवारी, पेपरातला अग्रलेख समोर ठेवून दहा मिनिटं. एकदाच. जो येईल तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर. रोज मोजणारा माणूस टायपिंग शिकत नाही, वजनकाट्यावर उभा राहतो नुसता.

बॅकस्पेसचं व्यसन

आम्ही टाइपरायटरवर शिकलो, तिथे बॅकस्पेस फक्त मागे न्यायचा, पुसायचा नाही, चूक कागदावर तशीच तुमच्याकडे बघत बसायची. म्हणून हात आपोआप जपून पडायचा. आता चुकीची की, बॅकस्पेस, बरोबर की, एका अक्षराला तीन स्ट्रोक, वर लय तुटते ती वेगळीच. मी नवीन बॅचला बॅकस्पेसवर टिकली चिकटवते. बोट तिकडे गेलं की खरखर लागते आणि पोरगं दचकतं. शास्त्रीय वगैरे काही नाही, पण दोन आठवड्यांत फरक पडतो.

किबोर्डकडे बघणं

एफ आणि जेवर उंचवटे आहेत ते कशाला दिलेत? हातावर रुमाल टाका आणि चार दिवस स्पीड पडला तर पडू द्या. "बघून माझा ३५ येतो" म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, समोरचा उतारा वाचणार कोण एवढंच विचारते.

बाकी किरकोळ. महागडा मेकॅनिकल किबोर्ड घेऊन स्पीड वाढत नाही. लॅपटॉपवरच सराव केलात तर परीक्षेच्या जाड किबोर्डवर बोटं दमतात, आधी चार दिवस तसा वापरून बघा. करंगळीला सुट्टी देऊ नका. नखं कापा. आणि चकली खाऊन किबोर्डला हात लावू नका, मागच्या दिवाळीत मी दोन किबोर्ड उलटे करून ठोकत बसले होते.