भिंत कोरी ठेवण्याची चिनी रीत: दिवाणखान्यासाठी काही सूचना

वडोदऱ्याच्या दांडियाबाजारातील जुना वाडा असो की अलकापुरीतील तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, चिनी पद्धतीची सजावट म्हटली की लाल कागदी कंदील, सोनेरी ड्रॅगन आणि पोट सुटलेला हसरा बुद्ध एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. हे सामान बाजारात सहज मिळते आणि खोली पाहता पाहता भरून जाते. चिनी चित्रकारांनी मात्र शतकानुशतके जपली ती न भरलेली जागा. तिला त्यांच्या भाषेत ‘लिउबाय’, म्हणजे पांढरे राखून ठेवणे, असे म्हणतात. आपल्या दिवाणखान्यात ही दृष्टी आणायची असेल, तर कामाची सुरुवात सामान हलवण्यापासून करावी लागते.

प्रथम एक भिंत निवडावी. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचे ऊन जिच्यावर थेट पडते ती भिंत टाळावी, कारण वडोदऱ्याचा वैशाख कागद आणि रंग दोन्ही फिके करतो. पावसाळ्यात जिला ओल येते अशी बाहेरची भिंतही नको. निवडलेल्या भिंतीवरील दिनदर्शिका, घड्याळ, शोकेस आणि तसबिरी काढाव्यात. पूर्वजांच्या तसबिरी हलवण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांशी बोलून त्यांच्यासाठी दुसरी मानाची जागा ठरवावी, हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या घरी आजोबांची तसबीर न विचारता उतरवल्यामुळे दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोलले नव्हते. त्यानंतर आठवडाभर भिंत तशीच राहू द्यावी आणि सकाळी, दुपारी व दिवेलागणीला उजेड कोठून येतो, सावली कोठे पडते, हे पाहून ठेवावे.

कोऱ्या जागेकडे रिकामी जागा म्हणून पाहण्याची आपल्याला सवय असते, म्हणून चिनी चित्रात ती काय काम करते हे येथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. तेथील निसर्गचित्राला ‘शानशुई’, शब्दशः ‘डोंगर-पाणी’, म्हणतात. ग्वो शी या चित्रकाराचे १०७२ सालचे ‘वसंतारंभ’ हे रेशमावरील चित्र आज तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. त्यात कड्यांच्या मधोमध जे धुके दिसते, तेथे पार्श्वभूमीचे रेशीमच बव्हंशी उघडे राहिले आहे, आणि त्या उघड्या पट्ट्यांमुळेच मागचा डोंगर मागे सरकतो. याच ग्वो शीने अंतराचे तीन प्रकार सांगितले: पायथ्याकडून शिखराकडे पाहिल्यावर जाणवणारे उंच अंतर, डोंगराच्या पुढून मागे डोकावल्यावर जाणवणारे खोल अंतर आणि जवळच्या डोंगरावरून दूरच्या डोंगरांकडे नजर टाकल्यावर जाणवणारे सपाट अंतर. पुढे दक्षिण सुंग काळातील (बारावे-तेरावे शतक) मा युआन हा चित्रकार चित्रातील सारा भार एका कोपऱ्याकडे नेऊन उरलेली जागा आकाशाला आणि पाण्याला सोडू लागला, म्हणून त्याला ‘एककोपऱ्या मा’ असे नावच पडले.

हाच नियम भिंतीला लावावा. चित्र भिंतीच्या बरोबर मध्यभागी न टांगता एका बाजूच्या तिसऱ्या हिश्श्यात टांगावे आणि उरलेल्या दोन हिश्श्यांवर काहीही लावू नये. समतोलासाठी दुसऱ्या बाजूला एखादी छोटी फ्रेम लावण्याचा मोह होतोच, तो आवरावा. भिंतीचा रंग शुभ्र पांढऱ्यापेक्षा किंचित मळकट, जुन्या कागदासारखा असला, तर शाईचे काळे अधिक मऊ दिसते.

उंचीच्या बाबतीत आपल्याकडे एक वेगळी अडचण आहे. चीनमध्ये सुंग काळापर्यंत खुर्ची सर्वत्र रूढ झाली होती, तर आपल्या अनेक घरांत अजूनही गादी, लोड आणि तक्क्यांची बैठक असते. त्यामुळे चित्र उभ्या माणसाच्या नजरेप्रमाणे न टांगता, घरची माणसे जेथे रोज बसतात तेथे स्वतः बसून उंची ठरवावी. उभ्या गुंडाळीचे, म्हणजे खाली लाकडी दांडी असलेले चित्र यासाठी सोयीचे पडते. आडवी लांब गुंडाळी भिंतीसाठी नसतेच. ती मेजावर ठेवून उजवीकडून डावीकडे, हातभर उलगडत आणि गुंडाळत पाहायची असते, त्यामुळे तिला काचेत बंद करून टांगणे म्हणजे पोथी उघडून खिळ्याला लावण्यासारखे आहे.

उभी चित्रेही वर्षभर टांगून ठेवण्याची तेथे पद्धत नव्हती. प्रसंग आणि ऋतू पाहून ती बदलत. मेइ नावाचा जर्दाळूच्या कुळातील मोहर, ऑर्किड, बांबू आणि शेवंती या चौघांना ‘चार सज्जन’ म्हणतात आणि त्यांचे नाते अनुक्रमे हिवाळा, वसंत, उन्हाळा व शरद यांच्याशी जोडले जाते. दोन चित्रे असली तरी पुरेत: चैत्रापासून बांबू आणि दिवाळीनंतर शेवंती. उतरवलेले चित्र फार घट्ट न गुंडाळता धुतलेल्या सुती कापडात बांधावे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, आणि जमिनीलगतच्या कपाटात कसर व वाळवी यांचे भय असते.

चित्र विकत घेण्यापेक्षा स्वतः काढून पाहावे, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी बांबू हा सर्वांत चांगला विषय आहे. चिनी शाईची कांडी दगडी पाटीवर पाण्याचे थेंब टाकून उगाळतात. ज्याने सहाणेवर चंदन उगाळले आहे त्याला ही क्रिया शिकवावी लागत नाही. कुंचला उभा धरावा. खोड खालून वर काढताना प्रत्येक पेर एकाच फटकाऱ्यात पूर्ण करावे, दोन पेरांमध्ये बोटाच्या नखाएवढी जागा कोरी सोडावी आणि तेथे नंतर बारीक गडद रेघ द्यावी. पान काढताना कुंचला टेकवावा, दाबावा आणि पुढे ओढत अलगद उचलावा. आन्हुइ प्रांतात तयार होणारा ‘शुआन’ कागद दोन तऱ्हांचा मिळतो; कच्चा कागद शाई लगेच पसरवतो, तर तुरटी व सरस लावलेला कागद ती रोखून धरतो. बांबूसाठी कच्चा घ्यावा. त्यावर फटकारा दुरुस्त करता येत नाही, म्हणून पहिले तीस-चाळीस कागद वाया जाणार हे धरूनच बसावे.

रेषेचा सराव करताना कीर्तिमंदिराची, म्हणजे वडोदऱ्यातील गायकवाड घराण्याच्या स्मारकाची, एक फेरी अवश्य करावी. तेथील भित्तिचित्रे शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ पासून पुढे काही वर्षांत केली आणि १९२४ साली ते रवींद्रनाथ ठाकुरांबरोबर चीनला जाऊन आलेले होते. विषय गंगावतरण आणि महाभारत असे आपलेच आहेत. परंतु रेषा कोठे जाड होते आणि कोठे श्वास घेते, हे तेथे उभे राहून पाहिले की कुंचल्यावरील दाबाची गोष्ट लवकर उमजते.

फर्निचरबद्दल थोडक्यात. मिंग काळातील (चौदावे ते सतरावे शतक) उत्तम खुर्च्या आणि मेजे सुबक सांध्यांवर उभी असत आणि लाकडाची नस हीच त्यांची मुख्य शोभा असे. आपल्या घरात बहुधा संखेड्याचा लाखकाम केलेला झोपाळा असतो, आणि तो या साधेपणाच्या अगदी विरुद्ध आहे. तरीही तो काढू नये; खोलीत नक्षीची वस्तू तेवढी एकच ठेवावी आणि पडदे, चादरी, अभ्रे बिननक्षीचे घ्यावेत.

जी चेंग या सतराव्या शतकातील उद्यानरचनाकाराने ‘उसने दृश्य’ ही कल्पना मांडली: कुंपणापलीकडचा डोंगर किंवा झाड आपल्या बागेचाच भाग वाटावा अशी रचना करावी. खिडकीबाहेर वड किंवा कडुनिंब दिसत असेल, तर तेथील जाड पडदा काढून बसण्याची जागा त्या दिशेला वळवावी.

वाड्यात कोनाडा असल्यास त्यात एकच दगड ठेवावा. चिनी रसिकांना सडपातळ, सुरकुतलेले, आरपार छिद्रे असलेले दगड प्रिय. चांदोदहून आणलेले नर्मदेचे गुळगुळीत गोटे त्या मोजमापात बसत नाहीत. नानजिंगचे रंगीत युहुआ खडे मात्र पाण्यात ठेवून पाहतात, तसे आपले गोटे पांढऱ्या वाडग्यात पाणी घालून ठेवता येतील. पाणी दर दोन दिवसांनी बदलावे आणि वाडगाही घासावा, नाहीतर पावसाळ्यात त्यात डासांच्या अळ्या होतात.