रस्त्याच्या कामात क्लेम करायचा असेल तर आधी २८ दिवस मोजा

पुण्याबाहेरच्या एका रस्त्यावर आमचा पेव्हर (डांबर पसरायचं मशिन) आणि दोन रोलर ४३ दिवस नुसते उभे होते. त्या खोळंब्याच्या भरपाईचा, म्हणजे क्लेमचा, एक रुपयाही मिळाला नाही, कारण नोटीस उशिरा गेली. आता नवीन काम सुरू होतंय, म्हणून साइटवरच्या पोरांसाठी हे लिहून ठेवतोय.

अनामत, विमा, लेबर लायसन्स यांबद्दल सांगत नाही, ते होतंच. करारनामा मात्र स्वतः, पेन हातात घेऊन वाचा. काम पीडब्ल्यूडीच्या बी-१ करारावर (टक्केवारी दर) आहे की बी-२ वर (बाबवार दर), हायवेच्या ईपीसीवर (डिझाइनसह सगळं काम कंत्राटदाराकडे) आहे की फिडिकवर (आंतरराष्ट्रीय अभियंता संघटनेचा नमुना करार), यावर पुढचं सगळं ठरतं. नोटिशीची मुदत कुठल्या कलमात आहे ते शोधा आणि तो आकडा साइट ऑफिसच्या भिंतीवर लावा. फिडिकच्या १९९९च्या लाल पुस्तकात कलम २०.१ आहे: २८ दिवस. हे दिवस अडचण कळली तेव्हापासून मोजायचे, ती संपली तेव्हापासून नाही. मी इथेच चुकलो. विजेचे खांब हलायचे होते. खात्याचे साहेब रोज यायचे, ‘पुढच्या आठवड्यात हलतील’ म्हणायचे, मी व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायचो आणि समजायचो की कळवून झालं. पत्र गेलं ४४व्या दिवशी, खांब हलल्यावर. उत्तर एका ओळीचं आलं: नोटीस मुदतबाह्य.

पत्र छोटं चालेल. काय अडलं, कुठल्या चेनेजपासून (रस्त्यावरचं अंतर) कुठल्या चेनेजपर्यंत, कधीपासून, कुठल्या कलमाखाली मुदतवाढ आणि खर्च मागतोय, एवढं पुरे. रक्कम नंतर द्या. त्याच पुस्तकात सविस्तर दाव्याला ४२ दिवस आहेत. पण पत्र २८ दिवसांत जाऊ द्या. आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. साहेबांनी मान डोलावली म्हणजे नोटीस पोचली असं होत नाही. अशा मुदतीविरुद्ध वकील करार कायद्याच्या कलम २८चा १९९७चा बदल (मुदत संपली की हक्कच बुडेल अशी अट रद्द ठरवणारा) पुढे करतात, पण त्या भरवशावर २९वा दिवस उजाडू देऊ नका.

कारणं आधीच माहीत असतात, म्हणून पहिल्या आठवड्यातच रस्ता पायी चाला. जागा ताब्यात आहे का ते बघा. कात्रज-कोंढवा रस्त्याची रुंदी ८४ मीटरवरून ५० वर आणावी लागली ती जागेपायीच. पाण्याच्या लाइनी, ड्रेनेज, केबल, झाडं, एकेक लिहून काढा. ट्रायल पिट (चाचणीचे खड्डे) घ्या. नकाशात मुरूम दाखवलाय आणि खाली काळी माती निघाली तर त्याच दिवशी फोटो, मोजमाप आणि पत्र. ड्रॉइंग उशिरा आलं, पत्र. तोंडी जादा काम सांगितलं तर साइट ऑर्डर बुकात लिहून घेतल्याशिवाय फावडं मारू नका. बी-१, बी-२ मध्ये एखाद्या बाबीचं परिमाण निविदेपेक्षा २५ टक्क्यांहून वर गेलं की दराचा प्रश्न येतो, तेव्हा बाब १२५ टक्क्यांना टेकायच्या आधी पत्र द्या. पावसाळा जून ते सप्टेंबर असतो हे सगळ्यांनाच माहीत आहे, तो धरूनच कार्यक्रम द्या. मात्र जानेवारीत अडलेलं डांबराचं काम त्यामुळे पावसाळ्यात ढकललं गेलं, तर तो दावा होतो. त्यासाठी मूळ बार चार्ट (कामाचं वेळापत्रक) मंजूर करून घेतलेला हवा.

हिंड्रन्स रजिस्टर (अडथळ्यांची वही) रोज भरा आणि शाखा अभियंत्याची सही त्याच आठवड्यात घ्या. महिन्याने कुणी सही करत नाही. मशिनरीचं लॉगबुकही असंच रोजचं ठेवा: नंबर, तास, डिझेल, उभं राहण्याचं कारण. स्वतःच्या मशिनरीला बाजारभाडं लावू नका, ते कापलं जातं. घसारा, व्याज आणि ऑपरेटरचा पगार लावा. हेड ऑफिसच्या खर्चाला हडसन सूत्र (उशिराच्या दिवसांचा हेड ऑफिसचा वाटा काढायचं गणित) चालतं, पण नुसतं सूत्र नको, मागे हिशेबाची वही हवी.

मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आत द्या. वाढ मिळाली की ‘नुकसानभरपाईचा हक्क राखून’ असं लेखी कळवा. करार कायद्याचं कलम ५५ त्यासाठीच वाचायचं: उशीर मान्य करताना भरपाई मागणार हे कळवलं नाही तर ती मागता येत नाही.

आर.ए. बिलावर (चालू कामाच्या बिलावर) आणि मोजमाप पुस्तकात मान्य नसेल तिथे ‘निषेधासह’ लिहून सही करा. अंतिम बिलासोबत ‘काही येणे नाही’चा कागद पुढे येतो, तो वाचा. लवादाची पायरी आणि तिची मुदत करारात बघा, वकील आधीच गाठा.

उद्या खांब अडले तर कॅलेंडरवर तारखेला गोल करा आणि पत्र त्याच संध्याकाळी टाइप करा. शिक्क्याची प्रत माझ्याकडे आणून द्या.