केस करू की नको? त्याआधीची तयारी

मिरगाच्या आठवड्यात कामावरच्या लैंगिक छळाचा शेवटचा प्रकार घडला. घरात विचारलं, आता काय करू. सासूबाई म्हणाल्या, "गो, गणपती जावंदेत, मगे काय ता बघ." नवरा मुंबईला, तोही फोनवर म्हणाला, येतोच आहे गणपतीला, बसून ठरवू. आमच्या सिंधुदुर्गात सगळंच गणपतीनंतर ठरतं, मुलीचं लग्न काय नि जमिनीची मोजणी काय. पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची लेखी तक्रार घटनेपासून, आणि असे प्रकार वारंवार झाले असतील तर शेवटच्या घटनेपासून, 3 महिन्यांत द्यावी लागते. मिरगापासून मोजा, भाद्रपदातच संपतात. उशिराचं कारण पटलं तर तक्रार ऐकणारी समिती आणखी 3 महिने देऊ शकते, पण "घरात गणपती होते" हे कारण कागदावर लिहायचा धीर मला तरी झाला नसता.

तेव्हा आधी शेवटच्या घटनेची तारीख लिहा आणि तिच्यासमोर मुदत संपण्याची. केस करायची की नाही हे ठरलेलं नसेना का. कागद गोळा केले म्हणून कोर्टात जावंच लागतं असं नाही, ते ट्रंकेत ठेवताही येतात.

मी काजूच्या कारखान्यात ग्रेडिंगचा हिशेब ठेवते. कारखान्याचं नाव, छळणाऱ्या माणसाचं नाव, समितीसमोर काय झालं, यातलं काही इथे लिहिणार नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने तसं जाहीर करायला मनाई आहे, आणि ती तक्रारदार बाईलाही लागू होते. रागाच्या भरात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा मोह होतो, तो आवरा.

तारखांचं मला कालनिर्णयने तारलं. घरातल्या कॅलेंडरवर मी सिलिंडर, दुधाचे खाडे, बचतगटाचा हप्ता लिहीत असे. त्याच चौकोनांत, ज्या दिवशी केबिनमध्ये काही घडलं त्या दिवशी, कोपऱ्यात बारीक 'क' लिहायला लागले. कुणी विचारलं तर कोळंबी आणलीन् म्हणून सांगता येईल असा. नंतर वहीत एकेक 'क' उलगडून लिहिला: किती वाजता, कुठे, तो काय म्हणाला, मी काय म्हटलं, आसपास कोण होतं. त्यात एक 'क' रविवारचा निघाला आणि माझ्या पोटात गोळा आला. रविवारी कारखाना बंद, समोरचा हेच धरून मला खोटी ठरवणार. दोन दिवसांनी आठवलं, त्या रविवारी गाडी भरायची होती म्हणून आम्हाला बोलावलं होतं, आणि जादा कामाचे पैसे त्या महिन्याच्या पगारपत्रकात होते. तुमच्याही यादीत असा एखादा रविवार असेल. तो समोरच्याच्या आधी तुम्हाला सापडायला हवा. तारीख नक्की आठवत नसेल तर नक्की लिहूच नका. "नारळी पौर्णिमेच्या आधीचा बुधवार, बहुतेक" असं लिहिलेलं चालतं, ठोकून दिलेली तारीख चुकली की बाकीच्यांवरही संशय येतो.

फोनमधलं काही पुसू नका, स्वतःची चिडून दिलेली उत्तरंसुद्धा. स्क्रीनशॉट काढताना नंबर आणि तारीख दिसू द्या, अख्खं चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा, कंपनीच्या नको. आणि तो हँडसेट विकू नका. कोर्टात डिजिटल पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, मूळ फोन हाताशी असलेला बरा.

तुम्ही तिथे कामाला होता याचा पुरावा लागेल. नेमणूकपत्र आपल्याकडे कितीजणींना मिळतं? सोलणीच्या बायका तर किलोवर, त्याही ठेकेदाराच्या. पण कायद्याला रोजंदारी, ठेका, शिकाऊ सगळ्या सारख्याच. पीएफचं पासबुक, बँकेत जमा झालेला पगार, गेटपास, कारखान्याच्या गाडीतला ग्रुप फोटो, जे असेल ते. कारखान्याच्या गाडीत घडलेला प्रकारही कामाच्या ठिकाणचाच धरतात.

साक्षीदारांबद्दल मी आधी फार भाबडी होते. वाटलं, सगळ्यांनी बघितलंय, सगळ्या बोलतील. ज्या बाईची मजुरी सोललेल्या गरावर ठरते, तिचा साक्षीचा दिवस म्हणजे खाडा, आणि मुकादम तिच्या दिराचा मित्र. मी कुणाला गळ घातली नाही. फक्त विचारलं, तुझं नाव लिहू का? दोघी हो म्हणाल्या. तिसरीने काही पाहिलं नव्हतं, पण त्याच संध्याकाळी एसटीत मी तिच्याजवळ रडले होते. तिचं नावही लिहिलं. त्याच दिवशी कुणाला सांगितलं असेल तर त्यालाही वजन असतं.

झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल तर डॉक्टरकडे जा आणि केसपेपर जपून ठेवा. भरपाई ठरवताना मानसिक त्रास, औषधपाण्याचा खर्च आणि कामाचं झालेलं नुकसान बघतात.

आता मुख्य गोष्ट, आणि इथे घाई नको. तुम्हाला नेमकं काय हवंय? त्याने थांबावं? त्याला शिक्षा व्हावी? पैसे? की नोकरी तशीच राहावी आणि तो समोर नसावा? "केस करणार" म्हणताना आपण हे सगळं एकत्र कालवतो, पण वाटा वेगळ्या आहेत. 10 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकाला अंतर्गत समिती नेमावीच लागते, नाही नेमली तर 50 हजारांपर्यंत दंड. समिती नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तिची माहिती ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात मिळते. फौजदारी गुन्हा हवा असेल तर पोलीस, भारतीय न्याय संहितेचं कलम 75, पाठलाग असेल तर 78. समिती आणि पोलीस दोन्हीकडे जाता येतं. नुसती शिवीगाळ, पगार कापणं, सुट्टी नाकारणं या कायद्यात बसत नाही, त्यासाठी कामगार कार्यालय. मात्र नकार दिला म्हणून पगार कापला असेल तर तो याच तक्रारीत लिहा.

गावात कुणीतरी मानकरी मध्ये पडेलच: घरात बसून मिटवूया. कायद्यातही तडजोडीला जागा आहे, पण ती चौकशी सुरू होण्याआधी, बाईने स्वतः मागितली तर, समितीमार्फत आणि लेखी. पैसे घेऊन मिटवणं त्यात बसत नाही. ओसरीवर चहा पिऊन झालेल्या समझोत्याचा उद्या कुठे कागद दाखवणार?

राजीनामा देऊ नका. निदान त्या आठवड्यात नको. "खुशीने सोडत आहे" असं छापलेल्या कागदावर तर सहीच नको. तक्रार दिली की 7 कामकाजाच्या दिवसांत तिची प्रत त्या माणसाकडे जाते, म्हणजे त्या आठवड्यापासून केबिनचं दार जास्त जोरात आपटणार. मी आदल्या दिवशीच लॉकरमधली छत्री, डबा आणि माझी हिशेबाची जुनी वही घरी आणली होती. वही माझी स्वतःची, कंपनीचं रजिस्टर नव्हे. तुमची किंवा त्याची बदली आणि 3 महिन्यांपर्यंतची रजा चौकशी चालू असताना मिळू शकते, नेहमीच्या रजेखेरीज. पण ती लेखी मागावी लागते. तक्रारीतच शेवटी दोन ओळी घाला.

पैशाचा हिशेब कठोरपणे करा. समितीसमोर वकील आणता येत नाही, तुम्हालाही आणि त्यालाही, त्यामुळे तिथवर खर्च फारसा नाही. पुढे अपील, कोर्ट म्हटलं की लागतो. मात्र 1987 च्या विधी सेवा कायद्याने बाईला फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हे आमच्या बाजूला दहातल्या नऊजणींना ठाऊक नसेल. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, नाहीतर 15100 ला फोन. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलंच तर आता मुंबईची रात्रीची गाडी नको, ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. घाट चढावा लागतो, एवढंच. पगार थांबला तर घर किती महिने चालेल, हे मी भाताच्या कणगीसकट मोजलं. साडेचार महिने आलं.

खोटी ठरले तर? ही भीती प्रत्येकीला असते. पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. मुद्दाम, जाणूनबुजून खोटं लिहिल्याचं चौकशीत सिद्ध व्हावं लागतं.

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी 6 प्रतींचा गठ्ठा घेऊन निघाले. लेखी तक्रार 6 प्रतींत, सोबत कागद आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. झेरॉक्सवाला ओळखीचा होता म्हणून मुद्दाम दुसऱ्या गावात काढली. सातवी प्रत स्वतःसाठी, तिच्यावर पोच घ्यायची: शिक्का, सही, तारीख. "साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा" म्हणाले. मी बाकड्यावर बसून राहिले. पावणेचारला शिक्का मिळाला.

चौकशीला 90 दिवस, अहवालाला पुढे 10. त्यानंतर अपिलाचे 90 सुरू होतात. माझा त्यातला आज एक्केचाळिसावा. नव्या कॅलेंडरवर सिलिंडरच्या बाजूला आकडे लिहितेय. विधी सेवेच्या वकीलबाईंनी गुरुवारी बोलावलंय, सातवी प्रत घेऊन जायची आहे.