दोन नेटवर्कच्या मधली लिनक्स फायरवॉल : पिंग जाते, फोल्डर मात्र उघडत नाही, तेव्हा काय तपासावे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वर हिशेबाचे कार्यालय, खाली मशीनशॉप, दोघांची नेटवर्क वेगळी आणि मध्ये लिनक्स फायरवॉल, म्हणजे ये-जा नियमांनुसार गाळणारा संगणक, अशी मांडणी मी अनेकदा केली आहे. ती अडली की सल्ला ठरलेला असतो : फायरवॉलचे सगळे नियम पुसून पाहा. तो कृपया ऐकू नका. मूळ धोरण ड्रॉप, म्हणजे नियमात न बसणारे सारे टाकून देण्याचे, असेल, तर नियम पुसताच दुरून जोडलेले तुमचे स्वतःचे सत्रही तुटते. आणि दोष राउटिंगचा, म्हणजे पॅकेट (माहितीचे तुकडे) कोणत्या वाटेने जातात याचा, असेल, तर तो जागच्या जागी राहतो.

कार्यालय १९२.१६८.१०.०/२४ आणि मशीनशॉप १९२.१६८.२०.०/२४ असे धरू. फायरवॉलचा पत्ता दोन्हीकडे .२५४ आहे. मशीनशॉपची गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याची ठरलेली वाट, फायरवॉलच आहे, पण कार्यालयाची गेटवे ब्रॉडबँडचा राउटर, म्हणजे १९२.१६८.१०.१ आहे.

प्रथम फायरवॉलवर आयपी फॉरवर्डिंगचे (एका नेटवर्कचे पॅकेट दुसऱ्याकडे पुढे पाठवण्याच्या सोयीचे) मूल्य १ असल्याची खात्री करा. त्यानंतर फॉरवर्ड साखळी, म्हणजे नियमांची यादी, पाहा, कारण आरपार जाणाऱ्या पॅकेटांशी इनपुट साखळीचा संबंध नसतो. पिंगची (समोरचे यंत्र उत्तर देते का, हे पाहणारी) चाचणी विंडोजच्या संगणकावर घेऊ नका. दुसऱ्या नेटवर्कवरून आलेले पिंग तो बहुधा स्वतःच अडवतो. प्रिंटरवर घ्या.

आता टीसीपीडंप, हे ये-जा करणारी पॅकेट दाखवणारे साधन, फायरवॉलच्या दोन्ही नेटवर्क कार्डांवर एकाच वेळी चालवा. पॅकेट एका कार्डावर येऊन दुसऱ्यावरून निघत नसेल, तर दोष फायरवॉलमध्ये आहे. निघते पण उत्तर येत नसेल, तर फायरवॉलला हात लावू नका. बहुधा समोरच्या यंत्राला परतीची वाट ठाऊक नाही.

माझे पहिले काम इथेच अडले होते. मशीनशॉपमधून कार्यालयाच्या सर्व्हरकडे गेलेल्या पॅकेटचे उत्तर सर्व्हर राउटरकडे देत असे, आणि २० क्रमांकाचे नेटवर्क माहीत नसलेला राउटर ते इंटरनेटकडे ढकलून देत असे. मी फायरवॉलवर मास्करेड, म्हणजे जाणाऱ्या पॅकेटवर फायरवॉलचाच पत्ता घालणे, लावले आणि काम झाले असे समजलो. काही दिवसांनी हिशेबाची एक फाईल पुसली गेली. सर्व्हरच्या नोंदींत मशीनशॉपचे सगळे संगणक १९२.१६८.१०.२५४ या एकाच पत्त्याने दिसत असल्यामुळे ती कोणाकडून गेली हे ठरवता आले नाही. अंतर्गत नेटवर्कांमध्ये मास्करेड लावणे म्हणजे दोष झाकणे होय, असे माझे तेव्हापासून ठाम मत आहे.

मास्करेड काढून मी राउटरमध्ये स्थिर मार्ग लिहिला : २० चे नेटवर्क १९२.१६८.१०.२५४ मार्फत. कार्यालयातून पिंग जाऊ लागले, पण मशीनशॉपच्या संगणकावरचे फोल्डर उघडेना. कारण असे की, जाणारे पॅकेट राउटरमार्गे फायरवॉलकडे जाते, पण येणारे उत्तर फायरवॉल थेट संगणकाला देते. फोल्डर उघडताना होणाऱ्या टीसीपीच्या जोडणीतला पहिला संदेश राउटर पाहतो, उत्तर पाहत नाही, आणि म्हणून तिसरा संदेश आला की पुष्कळ राउटर तो अवैध ठरवून टाकून देतात. पिंगची प्रत्येक विनंती मात्र विनाअडथळा पुढे जाते. काही राउटर संगणकाला जवळची वाट कळवतात आणि काही संगणक ती मानतात, त्यामुळे एका टेबलावर फोल्डर उघडते आणि शेजारच्या टेबलावर उघडत नाही.

याचा पुरावा हवा असेल, तर टीसीपीडंपला मॅक पत्ते (कार्डांचे हार्डवेअर पत्ते) दाखवणारा पर्याय, म्हणजे वजा ई, द्या. येणाऱ्या पॅकेटवर राउटरचा मॅक आणि जाणाऱ्या उत्तरावर संगणकाचा मॅक दिसला, की निदान पक्के झाले.

खरा उपाय म्हणजे राउटर कार्यालयाच्या नेटवर्कमधून बाहेर काढणे. फायरवॉलमध्ये तिसरे कार्ड बसवून राउटरला १९२.१६८.३०.० मध्ये ठेवा आणि कार्यालयाची गेटवे १९२.१६८.१०.२५४ करा. इंटरनेटकडे जाणाऱ्या कार्डावर मास्करेड योग्यच आहे. तिसरे कार्ड शक्य नसेल, तर डीएचसीपीचा (संगणकांना पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेचा) १२१ क्रमांकाचा पर्याय वापरून संगणकांनाच मार्ग द्या. मात्र हा पर्याय मिळालेला संगणक नेहमीची गेटवे दुर्लक्षित करतो, म्हणून इंटरनेटकडचा मूळ मार्गही त्याच यादीत लिहावा लागतो. हे विसरलात, तर साऱ्या कार्यालयाचे इंटरनेट बंद पडेल. हाताने पत्ते दिलेले प्रिंटर स्वतंत्रपणे बदला.

फायरवॉलवर पॅकेट येते, नियम बरोबर आहेत, तरी ते निमूट नाहीसे होत असेल, तर आरपी फिल्टर, म्हणजे पॅकेट अपेक्षित कार्डावरून आले का हे तपासणारी लिनक्सची सेटिंग, पाहा. ‘ऑल’चे (सर्व कार्डांसाठीचे) आणि त्या कार्डाचे मूल्य यांतले मोठे लागू होते. त्यामुळे ‘ऑल’चे १ असताना कार्डाचे शून्य करून उपयोग नाही. कार्डाचे २, म्हणजे सैल तपासणी, करा.

शेवटी सर्व बदल कायमस्वरूपी फाइलींत लिहून फायरवॉल पुन्हा सुरू करा आणि दोन्ही बाजूंनी, पिंगने नव्हे तर फोल्डर उघडून, तपासा.