गरम झाल्यावर इंजिन बंद पडतं: एक्झॉस्ट टॅपेट तपासा (माझा अनुभव)

एका सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन. थंड असताना नीट चालायचं, तापलं की आयडलिंगला बंद, आणि किकला दाब हलका. टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाच्या स्क्रूचा) आवाज अजिबात नाही. फसगत तिथेच होते: सैल टॅपेट वाजतो, घट्ट टॅपेट गप्प राहतो. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, फरक शून्य. अक्षरशः वैताग आला.

सीट (मिटताना व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) झिजली की व्हॉल्व्ह आत सरकतो आणि टॅपेट व व्हॉल्व्हच्या दांड्यातला गॅप संपतो. तापल्यावर दांडा लांबतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब गळतो.

इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. प्लग काढून क्रँक चालू दिशेनेच फिरवा. इनटेक व्हॉल्व्ह उघडून मिटला की त्यानंतर येणारी फ्लायव्हीलवरची ‘टी’ खूण (पिस्टन सगळ्यात वर) जुळवा. रॉकर हलतो का, यावर विसंबू नका, घट्ट टॅपेट हलणारच नाही. लॉकनट सैल करा, मॅन्युअलमधल्या मापाची फीलर पट्टी (गॅप मोजायची पातळ पट्टी) टॅपेट आणि दांड्याच्या मधे घाला (इथे एक्झॉस्टला ०.१० मिमी) आणि पट्टी किंचित अडकत सरकेल इतका स्क्रू फिरवा. स्क्रू धरूनच नट आवळा. आवळताना माप हमखास बदलतं, म्हणून पट्टी परत घाला. क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा मोजा.

गॅप बरोबर असूनही दाब कमीच राहिला, तर व्हॉल्व्हची कड जळलेली असू शकते. मग हेड उतरवावंच लागतं.